आठ पिनांचा माइक

हवालदार (निवृत्त) बाजीराव निकम रबाळ्याच्या डोंगराकडच्या मोरीवर, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलावर, क्लोरीन वायूने गेले. काळ नव्वदच्या दशकाच्या मध्याचा, पावसाळा संपून थोडेच आठवडे झालेले, वेळ दुपारची. जागा सोडण्याची परवानगी ते रेडिओवरून मागत होते. ऐरोलीत आमच्या कंट्रोलवर त्यांचा प्रत्येक शब्द स्पष्ट येत होता. परवानगी त्यांनी मागताक्षणी दिली होती. ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही.

कंट्रोलवर मी होतो.

मी सैन्यात सिग्नल्सचं काम केलं आणि नायब सुभेदार म्हणून बाहेर पडलो. निकम माझ्या डिटॅचमेंटमध्ये रेडिओ ऑपरेटर होते. मूळचे सातारा जिल्ह्यातले. त्यांचे मेहुणे वाशीच्या मार्केटात माथाडी होते, त्यांच्या ओळखीने निकमांना कोपरखैरण्यात खोली मिळाली आणि महाप्याच्या एका गोदामात सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी लागली. मी ऐरोलीत फ्लॅट घेतला होता. सैन्य सुटलं तरी सेट सुटला नाही. आम्ही दोघांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचं लायसन्स काढलं. तिसरे लायसन्सवाले हनीफ मुकादम. रायगडच्या किनाऱ्यावरचं घराणं, वाशीत इलेक्ट्रिक सामानाचं दुकान. आमच्यात सैन्य न पाहिलेले ते एकटेच. मला ते 'सुभेदार' म्हणत, बढती स्वतःच्या अधिकारात दिल्यासारखं.

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक कोपरा आम्हाला मिळाला होता. तिथे एक व्हीएचएफ सेट, गच्चीवर एरियल, आणि तसाच दुसरा सेट हनीफभाईंच्या व्हॅनमध्ये. दोन्ही सेट एकाच जपानी कंपनीचे. सैन्यातल्या सवयीने ऑफिसातल्या सेटला आम्ही कंट्रोल म्हणत असू आणि व्हॅनला आऊटस्टेशन वन.

रविवारी सकाळी निकम तिथे क्लास घेत. येणारे बहुतेक नोकरदार, दोन-तीन निवृत्त मास्तर. रेडिओ म्हणजे बोलणं, असं समजून लोक येतात. निकम पहिले दोन रविवार कोणाला बोलू देत नसत. टेबलावर प्लग आणि सॉकेट मांडून ठेवत आणि एकेक उचलून दाखवत. त्यांच्या भाषेत प्रत्येक कनेक्टर हा एक गडी होता.

"ह्यो जाडा गडी पीएल. एरियलची केबल सेटच्या पाठीमागं जाती ती ह्याच्यातनं. कामाला दांडगा, पर पावसात उभा केला की रडतो. पाणी पितो. गच्चीवर लावला तर टेप गुंडाळा. ह्यो दुसरा एन टाइप. ह्याला आत रबराची रिंग हाय, ह्यो पाऊस खात न्हाई. महाग हाय, म्हणून आपल्याकडं एकच हाय. ह्यो बारका बीएनसी, अर्धा आटा फिरवला की बसला."

मग सेट उलटा करून मागची बाजू. एरियलचा पोर्ट, बारा व्होल्टची लाल-काळी वायर, बाहेरच्या स्पीकरचं भोक. पुढच्या बाजूला माइकचं गोल सॉकेट. आठ पिना, वर एक खाच, बाहेरून आवळायची रिंग.

शेवटी ते तीन वाक्यं सगळ्यांकडून म्हणून घेत. "बसतंय का बघा. बसलं की आवळा. आवळलं की बोला."

हनीफभाई मागच्या खुर्चीवरून एकदा म्हणाले होते, "निकम, बाजारात तसं नसतं हां. दुकानात माझ्याकडं एकसारख्या पिनेचे चार चार्जर येतात, चारी वेगळे."

"तुमच्या दुकानात काय बी बसतंय, हनीफभाई. गिऱ्हाइकाच्या गळ्यात सुद्धा."

क्लास हसला. हनीफभाईही हसले.

निकमांचा नियम कुठून आला ते सांगितलं पाहिजे. उत्तरेतल्या एका पोस्टवर आम्ही एक हिवाळा एकत्र काढला. सेट बंकरमध्ये, एरियल वर बर्फात. थंडीने वायरचं रबर काचेसारखं तडकायचं. एका सकाळी फायरिंग चालू असताना आमचा हँडसेट गेला. शेजारच्या डिटॅचमेंटचा मागवला. त्यांचा सेट वेगळ्या मॉडेलचा होता. निकमांनी हातमोज्यातूनच, न बघता प्लग चाचपून लावला, आवळला आणि बोलले. पलीकडून उत्तर आलं. सैन्यात सामान असंच बनवलेलं असतं. जो प्लग त्या सॉकेटसाठी नाही तो त्यात बसतच नाही, आणि जो बसतो तो चालतो. अंधारात, थंडीत, घाबरलेल्या माणसाच्याही हातून चूक होऊ नये म्हणून. ही गोष्ट आम्हाला कोणी शिकवली नव्हती. वीस वर्षांत ती हाताला लागली होती.

दुसरी सवय नेटच्या शिस्तीची. आऊटस्टेशन कंट्रोलच्या परवानगीशिवाय जागा सोडत नाही आणि सेट बंद करत नाही. परवानगीचे शब्द ठरलेले: क्लोज डाउन. कंट्रोल ऐकू येत नसेल तर आऊटस्टेशन म्हणतं 'नथिंग हर्ड', मग 'ट्रान्समिटिंग ब्लाइंड' म्हणून आपला रिपोर्ट पाठवत राहतं आणि जागेवर थांबतं. आपल्याला ऐकू येत नाही याचा अर्थ कंट्रोल नाही असा होत नाही.

त्या शनिवारी सकाळी ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला एका कारखान्यात क्लोरीनची गळती सुरू झाली. भोंगा ऐरोलीपर्यंत ऐकू आला. वारा सकाळचा, म्हणजे डोंगराकडून खाडीकडे. त्यामुळे वायू पश्चिमेला, वस्तीकडे येत होता. पोलिसांनी रस्ता अडवला आणि गावं रिकामी करायला घेतली. टेलिफोन तासाभरातच जाम झाले. एक्स्चेंजला जो तो एकाच वेळी फोन लावत होता.

अकराच्या सुमारास आगीच्या बंबावरचा एक अधिकारी सोसायटीत आला. आमच्या गच्चीवरचं एरियल त्याला रस्त्यावरून दिसलं होतं. त्याची अडचण अशी: कारखान्याच्या मागून डोंगरातल्या खाणींकडे कच्चा रस्ता जातो, मध्ये नाल्यावर मोरी आहे. खाणीतले डंपर त्या रस्त्याने खाली येतात. त्यांना गळतीची खबर नाही. मोरीवर कोणीतरी उभं राहून डंपर परत पाठवले पाहिजेत आणि वाऱ्याची दिशा कळवत राहिलं पाहिजे. त्याच्याकडे त्या बाजूला ना माणूस होता ना वॉकीटॉकी.

निकमांची त्या दिवशी सुट्टी होती. ते ऑफिसात बसलेलेच होते. अधिकारी बोलायचा थांबला तेव्हा ते उभे होते.

मी ब्रीफिंग दिलं. महाप्याकडून वळसा घालून जायचं. मोरीवर थांबायचं. गाड्या परत पाठवायच्या. वाऱ्याचा रिपोर्ट पंधरा मिनिटांनी. हुकूम मिळेपर्यंत जागा सोडायची नाही.

"यस साब."

हनीफभाईंनी चावी दिली. "माझी व्हॅन हाय ती. रणगाडा नाय."

"रणगाडा असता तर तुमच्या हातात कुणी दिला असता?"

व्हॅनच्या सेटवरून त्यांनी कंट्रोलला रेडिओ चेक दिला. मी उत्तर दिलं. दोन्हीकडून लाउड अँड क्लिअर. मग निकमांनी कपडा बांधलेली काठी आणि पाण्याचा कॅन आत टाकला आणि व्हॅनचं सरकतं दार ओढलं. माइकची वायर दारात सापडली आणि तुटली.

ते आत आले. कंट्रोलच्या सेटचा माइक काढून घेतला. त्याच कंपनीचा, त्यामुळे व्हॅनच्या सेटला तो योग्यच होता. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक तिसरा माइक पडलेला होता, मुंबईतून जुन्या बाजारातून घेतलेल्या एका सेटबरोबर आलेला. सेट कधीच निकामी झाला होता, माइक उरला होता. दुसऱ्या जपानी कंपनीचा. प्लग गोल, आठ पिनांचा, वर तीच खाच. निकमांनी तो कंट्रोलच्या सेटला लावला. मी दारातून पाहत होतो.

"बसला, साब."

त्यांनी रिंग आवळली आणि गेले. तुटलेला माइक व्हॅनमध्येच होता. माइक बदलला म्हणून रेडिओ चेक पुन्हा घेण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती.

"कंट्रोल, धिस इज वन. लोकेशनवर पोचलो. वारा डोंगराकडून. इथं वास नाही. ओव्हर."

मी बटण दाबून पोच दिली.

"कंट्रोल, धिस इज वन. नथिंग हर्ड. ओव्हर."

मी पुन्हा बोललो. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा माझं लक्ष सेटच्या दिव्याकडे गेलं. सेट बोलतो तेव्हा लाल दिवा लागतो. तो लागत नव्हता.

सैन्यात बिघाड शोधण्याचा क्रम ठरलेला आहे. पॉवर, एरियल, सेट. त्याच क्रमाने मी आणि हनीफभाई गेलो. पॉवर सप्लायचा व्होल्टेज मोजला. बरोबर होता. लाल-काळ्या वायरीचे स्क्रू घट्ट होते. एरियलचा पीएल काढला. या पट्ट्यातल्या हवेने तांबं काळं पडतं, प्लगच्या आतली जाळी काळी पडली होती. हनीफभाई म्हणाले, "हेच असणार." त्यांनी केबल कापली, नवा प्लग डाग देऊन लावला. त्यात बराच वेळ गेला. लावून बटण दाबलं. दिवा लागला नाही.

निकम दर पंधरा मिनिटांनी बोलत होते.

"ट्रान्समिटिंग ब्लाइंड. एक डंपर परत पाठवला. वारा तसाच. आऊट."

"ट्रान्समिटिंग ब्लाइंड. दुसरा डंपर परत. वारा मंद झाला. काठीचा कपडा सरळ खाली. आऊट."

ऑफिसात तोवर रबाळे गावातून हलवलेली माणसं येऊन बसली होती. त्यांच्यात बाळाराम पाटील होते, वय साठीपुढे, जन्म खाडीवर गेलेला. त्यांनी शेवटचा रिपोर्ट ऐकला आणि उठून टेबलापाशी आले.

"सुभेदार, वारा मेला म्हंजी आता फिरल. दुपारचा वारा खारीवरशी येतं. सगला त्या मानसाचे अंगाव जाईल."

"सांगतोय त्यांना. जात नाहीये."

"ऐकू येतंय ना त्याचा?"

"त्यांचं येतंय. आमचं जात नाही."

बाळारामांनी सेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग मी जातू," म्हणाले. हनीफभाईंनी त्यांना स्कूटरची चावी दिली. बाळाराम महाप्याच्या बाजूने गेले. तिथल्या नाक्यावर पोलिसांनी त्यांना अडवलं, कारण वारा फिरल्यावर तो रस्ताही बंद करण्याचा हुकूम आला होता. त्यांनी वाद घातला. त्यांना बाजूला बसवण्यात आलं. हे आम्हाला संध्याकाळी कळलं.

"कंट्रोल, धिस इज वन. वारा फिरला. खाडीकडून. माझ्याकडे येतोय. वास येतोय. जागा सोडण्याची परवानगी मागतो. ओव्हर."

मी बटण दाबलं आणि म्हणालो, "वन, धिस इज कंट्रोल. क्लोज डाउन. ताबडतोब डोंगराकडे निघा. क्लोज डाउन."

"कंट्रोल, धिस इज वन. नथिंग हर्ड. परवानगी मागतो. ओव्हर."

त्याच वेळी तिसरा डंपर मोरीवर आला होता. त्याच्या ड्रायव्हरने नंतर पोलिसांना जबानी दिली आणि मलाही तेच सांगितलं. निकमांनी त्याला हात करून थांबवलं, गाडी वळवायला लावली. तोंडाला ओला रुमाल बांधलेला होता, डोळे लाल होते. ड्रायव्हर म्हणाला, "हवालदारसाब, गाडी सोडा, बसा वर."

निकम म्हणाले, "माझा हुकूम यायचाय. तू चल."

"कोणाचा हुकूम? इथं कोण हाय?"

"कंट्रोल हाय. ऐकत असंल."

डंपर वर गेला. त्यातली चारही माणसं वाचली.

ऑफिसात हनीफभाई सेट उघडायला बसले होते. वरचं झाकण काढलं. आत काहीच जळलेलं दिसेना. पॉवर झाली, एरियल झालं, सेट झाला. मग त्यांनी माइक हातात घेतला, उलटा केला, पाठीवरचं कंपनीचं नाव वाचलं.

"सुभेदार, हा माइक कुठला?"

"ड्रॉवरमधला."

"हा या सेटचा नाय. याच्या पिना वेगळ्या."

"बसलाय."

"बसला तर बसला. आत वायरी कुठल्या पिनेला कुठली, ते ज्याचं त्याचं असतं. एकाचं बटण एका पिनेला, दुसऱ्याचं भलत्याच. बसण्याचा संबंध नाय हो."

मी प्लगची रिंग सोडवली आणि माइक उपटून काढला. योग्य माइक मोरीवर होता. सॉकेटच्या आठ पिना उघड्या दिसत होत्या. बटणाची पिन जमिनीला, म्हणजे सेटच्या धातूच्या अंगाला टेकली की सेट ट्रान्समिट करतो, एवढं दोघांनाही माहीत होतं. कोणती पिन ते माहीत नव्हतं. सेटबरोबरची माहितीपुस्तिका हनीफभाईंच्या दुकानात होती. मी वायरचा तुकडा घेतला, एक टोक सेटच्या अंगाला लावलं.

"चुकीच्या पिनेला लागला तर सेट उडंल," हनीफभाई म्हणाले.

"उडू द्या."

पहिल्या पिनेला काही झालं नाही. दुसऱ्या पिनेला वायर टेकवली आणि लाल दिवा लागला.

सेट आता ट्रान्समिट करत होता, पण त्याला जुळणारा माइक नव्हता. आवाज पाठवता येत नव्हता. पाठवता येत होती ती फक्त लहर, चालू आणि बंद. पलीकडे ती स्पीकरची खरखर थांबते आणि पुन्हा सुरू होते, अशी ऐकू येते. मोर्स मी आणि निकम सिग्नल्सच्या एकाच शाळेत शिकलो होतो. मी वायरचं टोक पिनेवर टेकवत आणि उचलत इंग्रजीत दोन शब्द पाठवले. क्लोज डाउन. थांबलो. पुन्हा पाठवले. तिसऱ्यांदा पाठवले.

त्याआधीचं त्यांचं शेवटचं बोलणं असं होतं: "कंट्रोल, धिस इज वन. दिसत नाही आता. परवानगी." त्यात ओव्हर नव्हतं. तेव्हा आम्ही पिना शोधत होतो.

बोलता येत नसेल तर ऑपरेटर बटण दोनदा दाबून पोच देतो. पहिली टिक, दुसरी टिक. माझ्या तिसऱ्या मोर्सनंतर स्पीकरमधली खरखर एकदा थांबली आणि पुन्हा सुरू झाली. एकदा. मी थांबलो. हनीफभाई थांबले. दुसरी टिक आली नाही.

मी संध्याकाळपर्यंत पाठवत राहिलो. हनीफभाईंनी शेवटी माझा हात धरला आणि वायर काढून घेतली.

मास्क लावलेले बंबावरचे जवान मोरीवर पोचले तेव्हा निकम व्हॅनमध्ये, ड्रायव्हरच्या सीटवर होते. काचा बंद होत्या. गाडीचं तोंड डोंगराकडे वळवलेलं होतं. चावी इग्निशनमध्ये, इंजिन बंद. काठी मोरीच्या कठड्याला बांधलेली होती आणि तिचा कपडा त्यांच्याकडे उडत होता. सेट चालू होता.

कोपरखैरण्याला मी आणि हनीफभाई गेलो. निकमांच्या पत्नी सुमनवहिनींना निरोप आधीच मिळाला होता. त्यांचा भाऊ मार्केटातून तसाच आला होता, खांद्यावरच्या फडक्यासकट. भावाने आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग सुमनवहिनींनी विचारलं, "त्यांचं सगळं ऐकू येत व्हतं म्हणं तुमाला."

"हो, वहिनी."

"मग उत्तर का दिलं न्हाई?"

"दिलं होतं. पोचलं नाही."

"जे पोचलंच न्हाई," त्या म्हणाल्या, "ते दिलं कसं म्हणायचं, साहेब?"

हनीफभाई खाली बघत होते.

अंत्यसंस्कार गावी झाले. तिरंगा मिळाला नाही. ते सेवेत नव्हते आणि कोणाच्या हुकमावर तिथे गेले याची कुठल्याच कार्यालयात नोंद नव्हती. जिल्ह्यातले काही माजी सैनिक आले होते, ते सावधानमध्ये उभे राहिले. बिगुल वाजवणारा कोणी नव्हता.

रविवारचे क्लास बंद पडले. एकदा दोन मास्तर आले, टेबल पाहिलं आणि परत गेले. ड्रॉवरमधला तो माइक हनीफभाईंनी दुकानात नेला. तो त्यांनी फेकला की ठेवला, हे मी विचारलं नाही.

काही महिन्यांनी पोलिसांनी व्हॅन सोडली. आत दोन्ही माइक होते, तुटलेला मागच्या सीटवर, आणि कंट्रोलवरून नेलेला सेटला लावलेला, रिंग पूर्ण आवळलेली. तुटलेल्या माइकची वायर मी जोडली आणि तो व्हॅनच्या सेटला लावला. नेलेला माइक कंट्रोलच्या सेटला परत लावला. हनीफभाई व्हॅन घेऊन मोरीवर गेले आणि निकम उभे होते तिथे थांबले. मी कंट्रोलवरून हाक दिली.

पहिल्याच हाकेला उत्तर आलं. "कंट्रोल, धिस इज वन. लाउड अँड क्लिअर. ओव्हर."